क्लिफर्ड हेगची फुकट तपासणी

क्लिफर्ड हेगचं घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या बॉयलरची तपासणी दरवर्षी न चुकता व्हायची, आणि फुकट व्हायची. सप्टेंबर सरत आला, हीटिंग पहिल्यांदा लावायची वेळ झाली, की तो माळ्यावरून आपला खाणीतला पितळी दिवा उतरवायचा, घासूनपुसून लखलखीत करायचा, पेटवायचा, आणि बैठकीच्या खोलीत ऊब देणाऱ्या गॅसच्या शेगडीसमोर गुडघे टेकून बसायचा. शेगडीच्या मागे, जुन्या चिमणीच्या पोकळीत, बॉयलर होता. वात बारीक करून तो दिवा आधी जमिनीलगत, मग शेगडीच्या कडेनं, मग हात उंच करून छताशी धरायचा. ज्योतीवर निळी टोपी चढली नाही म्हणजे गॅस नाही. मग खिशातून खडू काढायचा आणि शेगडीशेजारच्या विटेवर आपल्या नावाची अक्षरं आणि तारीख लिहायचा.

"सगळं ठीक!" तो भारदस्त आवाजात जाहीर करायचा.

"उपकार झाले, साहेब," शिवणयंत्रावरून मान वर न करता एनिड म्हणायची. ती त्याची बायको, तेव्हा तिला एवढा हक्क होताच.

इंग्लंडातल्या बार्न्स्लीच्या बाजूच्या त्या कोळशाच्या खाणगावात क्लिफर्डला हसणारे पुष्कळ होते, पण तोंडावर हसणारं कोणी नव्हतं. खाण चालू होती तोवर तो डेप्युटी होता. म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधी एकट्यानं खाली उतरायचं, आपल्या वाट्याचा भाग दिवा घेऊन पायी तपासायचा, खडूनं खूण करायची, आणि मग माणसांना आत सोडायचं. त्यानं 'बाहेर' म्हटलं की हातातलं फावडं टाकून माणसं बाहेर पडत. का, म्हणून कोणी विचारत नसे. पुढे खाण बंद पडली, वरचा लोखंडी सांगाडा पाडला, तिथे गवत उगवलं; क्लिफर्डच्या अंगातला डेप्युटी मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हता.

खाणकामगारांच्या क्लबात बिअरचा ग्लास पुढ्यात आला की तो सांगायचा, "ऐंशी पौंड! माणूस येतो, झाकण काढतो, झाकण लावतो, आपलाच चहा पितो आणि ऐंशी पौंड घेऊन जातो. जाताना बॉयलर होता तसाच! अरे, मी गॅसबरोबर आयुष्य काढलंय. गॅस मला बघून टोपी काढतो."

"ती टोपी निळी असते ना, क्लिफ?" कोणीतरी म्हणायचं, आणि सगळे हसायचे. क्लिफर्डही हसायचा. बोलून चालून कंजूष माणूस, पण कंजूषपणाला हुशारीचं नाव मिळालं की तो अंगाला खुलून दिसतो.

घरात एनिडचं डोकं दुखायचं. हिवाळा लागला की सुरू, वसंतात बंद. सकाळपासून ती शेगडीजवळ बसून गावातल्या बायकांचे पडदे, झगे शिवायची. दुपारपर्यंत कपाळ ठणकायला लागायचं, पोटात ढवळायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग चष्मा बदलायला सांगितला. क्लिफर्ड दिवसभर आपल्या भाजीच्या वाफ्यांवर नाहीतर क्लबात. संध्याकाळी घरी आला की बैठकीची खिडकी उघडी दिसायची, आणि त्याचं डोकं फिरायचं.

"अगं, मी काय सगळं गाव गरम करायला बसलोय? बंद कर ती!"

"जीव घुसमटतो रे, क्लिफ. वारा लागला की जरा बरं वाटतं."

"तुला ना, माणसांत बसलं की बरं वाटतं आणि घरात बसलं की दुखतं. तुझ्या आईचंही असंच होतं."

हे शेवटचं वाक्य त्यानं एकदा नाही, अनेकदा म्हटलं. मेलेल्या सासूला मध्ये ओढायची गरज नव्हती, पण ओढली. हळूहळू एनिडनं गाऱ्हाणं सांगणं सोडलं. खिडकी उघडायच्या आधी ती विचारायला लागली, "उघडू का रे थोडी?" बहुतेक वेळा उत्तर 'नको' असे. तो घरी नसला की ती न विचारता उघडायची, आणि फाटकाची कडी वाजली की लगबगीनं लावून घ्यायची.

एनिडकडे एक बजरीगर होता, मुठीएवढा हिरवा पोपट. टॉफी त्याचं नाव. ती यंत्र चालवायची आणि तो तिच्याशी गप्पा मारायचा. त्याला ऊब मिळावी म्हणून पिंजरा शेगडीजवळच टांगलेला. एका जानेवारीत तो पिंजऱ्याच्या तळाशी पाय वर करून पडलेला सापडला.

"वाऱ्यानं गेला," क्लिफर्डनं निकाल दिला. "पक्ष्यांना झोत सोसत नाही, हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. आणि तू खिडकी उघडी टाकतेस!"

एनिड रडली. पुढच्या वर्षी तिनं दुसरा आणला, मिंट. या वेळी क्लिफर्डनं आपण होऊन काळजी घेतली. शेगडीशेजारच्या भिंतीत, जमिनीलगत, हवेसाठी एक जाळी होती. थंड वारा यायचा तो तिथूनच. त्यानं वर्तमानपत्राचे बोळे करून ती जाळी ठासून भरली आणि वर एनिडनंच शिवलेला कापडी लांबोडका कुत्रा आडवा ठेवला. त्या भागात घरोघरी दाराच्या फटीशी असे कुत्रे झोपलेले असतात. "आता तुझा पोपट शंभर वर्षं जगतो बघ," तो म्हणाला. मिंट नाताळही बघू शकला नाही. त्या वेळी क्लिफर्ड एनिडशी आठवडाभर नीट बोलला नाही. एवढी जाळी बुजवली, तरी हिनं खिडकी उघडलीच असणार! एनिडनं पिंजरा धुऊन माळ्यावर टाकला. तिसरा आणू या, असं तो म्हणाला तेव्हा ती म्हणाली, "नको. माझ्या हातानं मरतात ते."

त्यानंतरच्या हिवाळ्यात ती ब्रिडलिंग्टनला, समुद्राकाठी, बहिणीकडे पंधरा दिवस राहून आली. तिथे एकदाही डोकं दुखलं नाही. घरी परतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाळाला फडकं. क्लिफर्डला ते लागलं. आपलं तोंड बघूनच हिला दुखायला लागतं, असं त्याच्या मनानं घेतलं. बहिणीनं मात्र फोनवर वेगळंच विचारलं, बॉयलर कधी बाहेरच्या माणसाला दाखवला होता का म्हणून, आणि एनिडनं शिवणाच्या कमाईतून, नवऱ्याला न सांगता, बॉयलरवाल्याला बोलावलं. क्लिफर्ड वाफ्यांवर असेल अशी वेळ तिनं धरली होती. पण त्या दिवशी जमीन दगडासारखी गोठली होती. अर्ध्या तासात तो परत आला, तर दारात गाडी उभी आणि आपल्या शेगडीसमोर एक परका माणूस गुडघ्यांवर.

"हा कोण?"

"बॉयलर बघायला आलाय. माझ्या पैशानं," एनिड घाईघाईनं म्हणाली.

तो माणूस उठला. चाळिशीचा असेल. "मिस्टर हेग ना? मी मार्टिन हिंचक्लिफ. रे हिंचक्लिफचा मुलगा. बाबा तुमच्या हाताखाली होते."

रे हिंचक्लिफ! क्लिफर्डचा चेहरा जरा सैलावला. "तुझा बाप गाणी म्हणायचा, बेसूर."

"अजून म्हणतात. सगळ्यांना सांगतात, हेगनं 'जा' म्हटलं की डोळे मिटून जायचं, आणि 'बाहेर' म्हटलं की पायातला बूट राहिला तरी बाहेर."

क्लिफर्ड सुखावला. खुर्चीत टेकून म्हणाला, "मग सांग पोरा, एवढे पैसे घेऊन तुम्ही करता तरी काय?"

"बहुतेक घरांत काहीच सापडत नाही," मार्टिन हसत म्हणाला. "झाडतो, पुसतो, धूर वर जातोय का बघतो, आणि ठीक आहे म्हणतो. मग लोक विचारतात, काही नव्हतंच तर पैसे कशाचे?"

 हा प्रश्न क्लिफर्डनं आयुष्यभर ऐकला होता. हातात दिवा घेऊन फिरायचं आणि पगार घ्यायचा, काजव्याची नोकरी, म्हणून खाणीतली पोरं त्यालाच चिडवायची. आणि तो ताठ मानेनं सांगायचा, "काही सापडलं नाही, याचाच पगार मला मिळतो, गाढवांनो. ज्या दिवशी सापडेल त्या दिवशी तुम्ही पगार विचारणार नाही."

मार्टिननं बॉयलर चालू केला, एक धुराची कांडी पेटवली आणि शेगडीच्या वरच्या कडेशी धरली. धूर चिमणीत वर जायला हवा होता. तो क्षणभर घुटमळला, आणि वळून खोलीत आला. सरळ एनिडच्या यंत्राकडे गेला.

मार्टिनचं हसू मावळलं. त्यानं तडक गॅस बंद केला. "खिडकी उघडा," तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच उघडली. बॉयलरचं झाकण काढलं तर आत काजळीचे थर; चिमणीच्या तोंडाशी कावळ्यांनी आणलेल्या काटक्यांचा ढीग. मग त्यानं खाली वाकून कापडी कुत्रा उचलला, बोटानं जाळीतला एक बोळा ओढला, दुसरा ओढला. क्लिफर्डनं नजर वळवली.

"याआधी सर्व्हिसिंग कोणी केलं होतं?" मार्टिननं विचारलं.

"क्लिफ करतो ना दरवर्षी," एनिड निरागसपणे म्हणाली. "त्याच्या दिव्यानं. ते बघ, खडूनं लिहिलंय."

मार्टिननं विटेवरची तारीख वाचली. तो खाणकामगाराचा मुलगा होता. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. खाणीतला भडकणारा वायू दिव्याला दिसतो. पण अर्धवट जळण्यातून निघणारा, माणसाला झोपवून मारणारा तो दुसरा, ज्याला खाणीत पांढरा वायू म्हणत, तो दिव्याला दिसत नाही. ना त्याला रंग, ना वास. त्याच्यासाठी खाणीत पिंजऱ्यातून पक्षी न्यायचे. पक्षी कोसळला की माणसानं पळायचं. हे क्लिफर्डनं नव्या पोरांना किती वेळा शिकवलं असेल! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच. त्याच्याच घरात एक सोडून दोन पक्षी कोसळले, आणि या डेप्युटीनं हवेची जाळी बुजवली.

त्याचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. पण जमिनीच्या पोटातही त्याला ओळखणारेच होते.

मार्टिननं त्याच्याकडे बघायचं टाळलं. एनिडला तो म्हणाला, "बाई, आजच डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या. हा बॉयलर दुरुस्त होईपर्यंत लावायचा नाही. आणि असे दोष... कधीकधी अचानक येतात. कोणाच्या लक्षात येत नाहीत."

पोराला खोटं बोलता येत नव्हतं, तरी तो बोलला. बापाच्या डेप्युटीची लाज राखायला बोलला. क्लिफर्डला ती दया चाबकासारखी लागली. तरीही त्यानं ती घेतली.  त्यानं मार्टिनला फाटकापर्यंत सोडलं, एनिडला डॉक्टरांकडे नेऊन आणलं, आणि तोवर मनात घोकत राहिला: अचानक आला असेल. अचानकच आला असेल.

परत आल्यावर दोघं अंगात कोट घालूनच गार खोलीत चहा घेत बसली. गॅस तोडलेला, म्हणून खिडकी लावून घेतली होती. एनिड कप दोन्ही हातांत धरून म्हणाली, "एक बरं झालं, क्लिफ."

"काय?"

"दोष अचानक आला म्हणाला तो. म्हणजे माझी दोन्ही पाखरं त्या वायूनं नाही गेली. नाहीतर किती तडफडली असतील, असंच वाटत राहिलं असतं. ती माझ्या खिडकीच्या वाऱ्यानंच गेली. निदान खात्री झाली."

क्लिफर्डनं कप खाली ठेवला. 

"एनिड," तो म्हणाला, "अचानक नाही आला तो."

"अरे, पण तो पोरगा..."

"पोरगा माझ्यासाठी खोटं बोलला. किती हिवाळे झाले देव जाणे. तुझं डोकं त्यानंच दुखायचं. पक्षी त्यानंच गेले, दोन्ही. दिव्याला तो वायू दिसत नाही. मला माहीत होतं. खाणीत मी हेच शिकवायचो, आणि इथे..."  त्यानं जाळीकडे बोट केलं. "तू चोरून खिडकी उघडायचीस ना, म्हणून आपण दोघं जिवंत आहोत. आणि मी ती बंद करत होतो."

 एनिड रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती विटेवरच्या खडूच्या अक्षरांकडे बघत होती.

"मिंट गेला तेव्हा तू आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतास," ती शेवटी म्हणाली.

"नव्हतो."

"माझ्या आईलासुद्धा काढलं होतंस."

"काढलं होतं."

ती उठली. तिचं डोकं अजून ठणकत होतं. खिडकीपाशी गेली, कडीवर हात ठेवला, आणि तिथेच थांबून सवयीनं मागे वळून बघितलं.

"थोडी उघडू का रे?"

क्लिफर्डला ती नजर सोसवली नाही. 'उघड' म्हणावं, तर तीही परवानगीच दिल्यासारखी झाली असती. त्यानं मान खाली घातली. एनिड अजून क्षणभर वाट बघत उभी राहिली, आणि मग तिनं खिडकी सताड उघडली.