कुंदाचं तिसरं उत्तर

कुंदा गेल्याचं गेल्या महिन्यात तिच्या मुलीने फोनवर कळवलं. बेलवलीच्या तिच्या घरी पोहोचले, तर कुणीतरी म्हणत होतं, फार शांत बाई होती हो... शांत? अंबरनाथ एमआयडीसीत, रसायनांच्या एका कारखान्यात, आम्ही दोघींनी एकाच कॉम्प्युटरवर काम केलं. गरीब गाय कुणी दुसरी असेल. मला राग आलाय, म्हणून हे लिहिते आहे.

ऐंशीचं दशक सरत होतं. कामगारांच्या तब्येतीची नोंद आम्ही फ्लॉपीवर ठेवायचो. बिल्ला नंबर आणि पुढे आठ प्रश्न, खोकला आहे का, अंगावर चट्टे आहेत का. उत्तर हो किंवा नाही. फ्लॉपी भरली तसे साहेब म्हणाले, "मॅडम, जागा नाही. कंत्राटवाल्यांना उडवा." कुंदा म्हणाली, "जागा मी करते. माणसं उडवायची नाहीत." आमचा प्रोग्राम एकेका हो-नाहीला अख्खा बाइट द्यायचा, आणि एका बाइटमध्ये तर आठ बिट, म्हणजे शून्य किंवा एक ठेवायचे आठ कप्पे असतात, अशी आठ उत्तरं मावतात. "जिऱ्याला एक पिंप, मोहरीला एक पिंप, असं घरी करतेस का गं?" तिने मला विचारलं. आठवडाभर खपून तिने प्रत्येकाची आठही उत्तरं एका बाइटमध्ये बसवली. कंत्राटी माणसं मावून वर जागा उरली.

पहिला कागद छापून आला नि साहेब खूश. कंत्राटी सगळे ठणठणीत, एकालाही खोकला नाही. मीही हुरळले. त्याच दुपारी बारवीकडच्या पाड्यावरचा काळूदादा, ड्रम उचलणारा कंत्राटी कामगार, दाराशी खोकत उभा राहिला. "बाय, मना खोकला हाय, पन मना कोनी इचारलाच नाय." कुंदाचा चेहरा उतरला. ज्यांना तपासलंच नव्हतं त्यांचे बिट शून्य होते, आणि शून्य म्हणजे आमच्याकडे 'नाही'. चूक तिची होती, ती तिने साहेबांपुढे कबूल केली. मग प्रत्येक उत्तराला दोन बिट दिले. हो, नाही, आणि तिसरं, विचारलं नाही.

"कशाला नसतं उकरून काढता?" साहेब म्हणाले.

"माणशी आधीच्या आठ बाइटच्या जागी दोनच लागतायत, सर. आता जागेचं कारण सांगू नका."

नव्या कागदावर कंत्राटी कामगारांपुढे वरपासून खालपर्यंत 'विचारलं नाही'. सरकारी तपासणीच्या दिवशी तो तिने स्वतः तपासनिसाच्या टेबलावर ठेवला. महिन्याभरात सगळ्यांना तपासलं, काळूदादाला औषध सुरू झालं, आणि कुंदाची बदली गोदामात झाली. मी गप्प बसले. ते मला अजून डाचतं.

दिवसकार्य झाल्यावर तिच्या मुलीने दवाखान्याची फाइल माझ्यापुढे ठेवली. भरती करताना कुणीतरी घाईघाईत सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहून टाकलं होतं. वेदना, नाही. झोपेची तक्रार, नाही... कुंदाने त्यातल्या प्रत्येक 'नाही'वर काट मारली होती, आणि शेजारी वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, विचारलं नाही.