विमलचे उपाशी मासे

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी वारूळवाडीच्या घरी गच्चीवरच्या टाकीचं झाकण लावत होते. जिनं आयुष्यभर लोकांच्या मागे लागून पाणी झाकायला लावलं, तिची बातमी अशी यावी...

जगासाठी ती डासांमुळे पसरणाऱ्या आजारांवर संशोधन करणारी शास्त्रज्ञ, माझ्यासाठी डिंगोऱ्याच्या शाळेतली एकाच बाकावरची मैत्रीण. लोक पुण्याहून येताना पेढे आणतात, ही बाटलीत डासांच्या अळ्या घेऊन यायची. ‘‘डास मारायला शिकलीस की पाळायला?’’ असं मी चिडवलं की म्हणायची, ‘‘आधी ओळख, मग भांडण.’’

एका वर्षी डिंगोऱ्यात डेंग्यूनं घरोघर माणसं आडवी झाली. सगळे गटारींवर धूर मारण्यात गुंतलेले आणि विमल कंठशोष करत होती, की हा डास घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पण नळ चार-चार दिवस कोरडा, मग टाकी रिकामी करणार कोण? तेव्हा तिनं अळ्या खाणारे गप्पी मासे आणले आणि सगळ्यांना दिसावेत म्हणून आधी आपल्याच आईच्या अंगणातल्या टाकीत सोडले. काही दिवसांनी बघतो तर मासे चांगले गुबगुबीत आणि त्यांच्या शेजारी अळ्याही मजेत वळवळताहेत!

‘‘डाक्टरीणबाई, तुमचं मासं लई सोज्वळ निघालं राव!’’ आळीतली माणसं हसली. विमल पायरीवर बसून राहिली. ‘‘शेजारचं पोर तापानं फणफणलंय,’’ ती म्हणाली, ‘‘आणि माझ्याच घरची टाकी मला खोटं पाडतेय. आता कोण ऐकेल माझं?’’

तेवढ्यात तिची आई, आम्हा मैत्रिणींची मावशी, भाकरी घेऊन आली आणि टाकीत चुरू लागली.

‘‘आये, हे काय?’’

‘‘आगं, दारात आलेल्या जिवाला उपाशी ठिवायचं व्हय? रोज घालते. लई आवडीनं खात्यात.’’

विमल डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. ‘‘पोट भरल्यावर अळ्या कोण खाईल गं?’’ मावशीला काही हे पटेना. शेवटी शेजारच्या पोरासाठी म्हणून तिनं हात आवरला. टाकीतल्या अळ्या संपल्या, पोरही बरं झालं, आणि हसणारी आळी बाटल्या घेऊन मासे मागायला दारात आली. पुढे मोठमोठ्या सभांमध्येही विमल सांगायची, ‘‘माझा पहिला प्रयोग आईच्या मायेनं फसवला.’’ आता डिंगोऱ्यात मासे नाहीत अशी टाकी शोधावी लागते. एवढं करून गेली माझी मैत्रीण. मला तिचा फार अभिमान वाटतो.

विमलच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे जेवून पांगले, तरी मावशी अंगणातल्या टाकीपाशीच उभी होती. कुणीतरी बळंच हातात दिलेली चतकोर भाकरी तशीच. लेक गेल्यापासून तिनं धड घास घेतला नव्हता. तिची सावली पाण्यावर पडताच मासे वर आले.

‘‘न्हाई रे बाबांनो,’’ ती त्यांना म्हणाली, ‘‘तुमाला उपाशी ठिवायचं, आसं सांगून गेलीया ती.’’

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘मावशे, माशांना सांगितलंय. तुला नाही.’’

तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि आपल्या तोंडात घातला.