मामांचा घट्ट चहा

पाहुण्याला चहा द्यायच्या नावाखाली त्याचा इतका छळ करणारा माणूस टेम्सच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल, हे मी माझ्या बायकोच्या मामांबद्दल खात्रीने सांगू शकतो. मामा स्टॅनमोरला राहत, म्हणजे जिथे लंडनची ट्यूब रेल्वेसुद्धा दमून थांबते तिथे. सगळी नोकरी कौन्सिलच्या पार्किंग खात्यात झालेली. रिटायर झाल्यावर ते दिवसभर घरात बसून मामींना फ्रिजमध्ये भांडी कशी लावावीत हे शिकवू लागले, तेव्हा मामींनी त्यांना संध्याकाळच्या कॉम्प्युटर क्लासला पिटाळलं. तो क्लास भरला होता. जागा शिल्लक होती ती जपानी चहाविधीच्या वर्गात. पार्किंगमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला रिकामी जागा सोडवत नाही. मामा तिथे जाऊन बसले, ते बसलेच.

त्या विधीत प्रत्येक गोष्टीला नियम होता. खोलीत पाऊल कुठलं आधी टाकायचं, फडक्याची घडी कशी घालायची, वाडगा कुठल्या बाजूला वळवून तोंडाला लावायचा. मामांना स्वर्ग याहून वेगळा नको होता. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या चिमुकल्या बॉक्स रूममधलं कार्पेट उखडून चटया अंथरल्या आणि दाराचा वरचा भाग फळ्या ठोकून बंद करवला. चहाच्या खोलीत राजानेही वाकून, रांगत यायचं असतं म्हणे. काम करणाऱ्या पोलिश सुताराने विचारलं, “कुत्रा मोठा आहे का?” मामा शांतपणे म्हणाले, “कुत्रा नाही, जावई आहे.”

तो जावई म्हणजे मी. माझ्या बायकोने पहिल्याच महिन्यात गुडघ्यांचं कारण सांगून अंग काढून घेतलं होतं. आठवडाभर ब्रॅकनेलच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधले बग शोधायचे आणि रविवारी दुपारी एम-ट्वेंटीफाइव्ह हायवेवरच्या गाड्यांच्या रांगेतून सुटून मामांकडे वज्रासनात बसायचं. पाय बधिर झाले की मामा म्हणत, “जावईबापू, आता किटलीचा आवाज ऐका. पाइनच्या झाडांतून वारा वाहतो ना, तसा.” मी एकदा म्हणालो, “मामा, हा बॉयलरचा आवाज आहे.” ते म्हणाले, “मग तो ऐका. कान तर उघडा आहे ना?” पुढे चहाची पूड काढायच्या बांबूच्या चमच्याचं नाव विचारायचं, कारण चमच्याला काव्यमय नाव असतं आणि पाहुण्याने ते न विचारणं हा असभ्यपणा. मामांच्या चमच्याचं नाव दर रविवारी वेगळं असे. एवढं सोसल्यावर हिरवा, फेसाळ, कारल्याच्या जातीचा चहा मिळे. तो संपला की खालून मामींची हाक येई, “झालं असेल तर या, चहा टाकलाय.”

वर्गाच्या बाई सत्तरीच्या, जपानी. इंग्रज नवरा वारल्यावर त्यांनी जपानला बहिणीकडे परत जायचं ठरवलं. जाण्यापूर्वी मामांच्या हातचा ‘घट्ट चहा’ घ्यायला येते, असं त्या आपण होऊन म्हणाल्या. घट्ट चहा म्हणजे या विधीचा गाभा. पाहुणे एकाच वाडग्यातून पाळीपाळीने पितात, आणि तो मांडायची संधी मामांना कधी मिळालीच नव्हती. पाहुणे तिघं तरी हवेत, असा मामांचा हट्ट. बाई, मी आणि मामी.

“एकाच वाडग्यातून?” मामींनी विचारलं.

“प्रत्येक जण कड पुसून पुढे देतो गं.”

“पुसल्याने उष्टं जातं होय? अहो, इतक्या वर्षांत मी तुमचं उष्टं प्यायले नाही, आणि आता त्या बाईंचं आणि जावयाचं पिऊ? बसते हवी तर. पिणार नाही.”

“मग काय उपयोग? एकाने जरी वाडगा तसाच परत दिला तरी सगळं मोडलं.”

“मोडू दे,” मामी म्हणाल्या. त्या आठवड्यात मामांचं जेवणात लक्ष नव्हतं, असं त्यांनीच मला फोनवर सांगितलं, तक्रारीच्या सुरात.

बाई आल्या, सहज रांगत आत शिरल्या. मामी त्यांच्यामागून साडी सावरत, माझ्याकडे न बघता. मामांनी चहा घोटला. वाडगा बाईंपुढे आला. त्यांनी एकदा मामींच्या आवळलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाडगा माझ्यासमोरून सरळ मामींकडे सरकवला. “तुम्ही पहिल्या घ्या. घर तुमचं आहे.”

नो-पार्किंगच्या डबल यलो लाइनवर लॉरी उभी दिसावी तसा मामांचा चेहरा झाला. पण गुरूला कोण अडवणार? मामींनी वाडगा ओठांपर्यंत नेला आणि थबकल्या. आता प्रश्न उलटा झाला होता. पाहुणी, त्यातून वयाने मोठी, नवऱ्याची गुरू; तिच्यापुढे आपलं उष्टं ठेवायचं? त्यांनी दोन्ही हातांनी वाडगा परत केला. “नो, नो. यू फर्स्ट,” आणि पुढचं मराठीतच, “माझं उष्टं तुम्हाला कसं देऊ?”

बाईंना किती कळलं कोण जाणे. त्या प्यायल्या, कड पुसली. मी प्यायलो, कड पुसली. मग मामींनी डोळे मिटले आणि काढा घ्यावा तसे मोठे घोट घेतले. “कडू आहे,” त्या म्हणाल्या. इथे चहा फार सुरेख झालाय म्हणण्याचा नियम आहे. मामांनी चूक दाखवली नाही.

बाई गेल्यावर मी भांडी घेऊन मामांच्या मागे किचनमध्ये गेलो. शेवटच्या पाहुण्याने वाडगा रिकामा करायचा असतो. मामींनी तळाशी थोडा ठेवला होता. “ते टाका सिंकमध्ये,” त्या बाहेरून म्हणाल्या. मामांनी खिडकीकडे तोंड केलं आणि वाडगा न वळवता, उभ्यानेच, ते उरलेलं पिऊन टाकलं. मग त्यांनी सोडलेला नळ बराच वेळ तसाच वाहत राहिला.

पुढे रविवार होत राहिले, पण पातळ चहाचे, ज्याचा त्याचा वाडगा वेगळा. मामींना पुन्हा विचारायची मामांना हिंमत झाली नाही, की पुन्हा विचारायची गरजच उरली नव्हती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.