ड्यूटीवरचं हत्यार पूजेला येत नाही

जम्मूच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका पोस्टवर आमच्या पलटणीचं सिग्नल डिटॅचमेंट, म्हणजे संपर्क सांभाळणारी छोटी तुकडी, होती. मी जतचा, दहावीनंतर शाळा सोडून भरती झालेला. फायबर म्हणजे काय, ते मला लान्स नायक दत्तूनं शिकवलं. तो सातारा जिल्ह्यातला, कोरेगावकडचा. केसाएवढी काचेची तार जोडताना माझी टोकं जुळायची नाहीत. तो म्हणायचा, "श्वास धर गड्या. रायफलला धरतोस तसा." आज माझी चूल त्या शिकवणीवर पेटते. हे उपकार फिटायचे नाहीत.

पुढच्या पोस्टशी बोलायचे दोन रस्ते होते. रोजचा फायबर, आणि तो तुटला तर रेडिओ सेट. दुसरा रस्ता शोभेला ठेवलेला नसतो.

खंडेनवमीला पलटणीत शस्त्रपूजा असते. हत्यारं मंदिरापुढं मांडतात, हळद-कुंकू वाहतात. संत्रीचं, म्हणजे पहारेकऱ्याचं, हत्यार मात्र ड्यूटीवरच राहतं. त्या वर्षी सुभेदारसाहेबांनी रेडिओ सेटही मागवला.

दत्तू म्हणाला, "साहेब, सेट ड्यूटीवर आहे."

"फायबर चालू आहे ना? मग आरतीपुरता आण."

हुकूम तो हुकूम. अँटेना उतरली, सेट मंदिरात गेला. आरती चालू असतानाच पुढच्या पोस्टवर गोळे पडू लागले. पहिल्याच माऱ्यात फायबर तुटला. पुढच्या पोस्टवर जखमी होते, आणि त्यांची हाक ऐकायला आमच्याकडं काहीच उरलं नव्हतं. मी अँटेना परत चढवायला धावलो. दत्तूनं जोडणीचं किट उचललं आणि उघड्या उतारावर गेला.

अँटेना उभी राहायच्या आधी फायबरचा हँडसेट वाजला. उतारावरून दत्तू होता.

"लाईन ओके?"

"ओके."

आमचं शेवटचं बोलणं एवढंच. पुढच्या पोस्टवरचे जखमी खाली आले. दत्तू त्याच उतारावर पडला.

आता मी सांगलीत ऑफिसांची नेटवर्कं बसवतो. गेल्या खंडेनवमीला विश्रामबागेतल्या एका लॅबमध्ये गेलो. जत-पलूसकडच्या किती माणसांचे रक्ताचे रिपोर्ट तिथल्या कॉम्प्युटरांत असतात. बाहेरून आत येणारं सगळं तपासायला मी फायरवॉलचा डबा बसवला होता. बघतो तर डबा पूजेच्या टेबलावर, वर झेंडूचा हार. काम थांबायला नको म्हणून इंटरनेटची वायर थेट आतले कॉम्प्युटर जोडणाऱ्या स्विचमध्ये खोचलेली.

"हे कुणी केलं?"

काउंटरवरचे बाबूराव हसले. "आवं फौजी, आरतीपुरतं हाय. तेवढ्यात काय पाकिस्तान येतंय व्हय?"

माझं डोकं फिरलं. "बाबूराव, तुमच्या घरच्यांचे रिपोर्ट चौकात लावू का, आरतीपुरते? संत्रीला हार घालून बसवलाय आणि गेट सताड उघडं टाकलंय!"

"लय तापताय राव."

"तापणारच! चोर काय आरती संपायची वाट बघत बसतो?"

मी वायर काढली, डबा जागेवर लावला. मग एकेक कॉम्प्युटर तपासला, सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले. काही घुसलं नव्हतं. हार तेवढा राहू दिला. देवाशी माझं भांडण नव्हतं. बाबूरावांना सांगितलं, "पुढच्या वर्षी कुंकू घेऊन तुमी डब्याकडं या. डबा तुमच्याकडं येणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी दसरा. कोरेगावला दत्तूच्या आईला सोनं द्यायला गेलो, पाया पडलो. लॅबमधलं सगळं सांगितलं. आवाज पुन्हा चढलाच.

"लय बोललास रं त्यास्नी?"

"व्हय, आई."

तिनं आपट्याची पानं मुठीत धरली.

"त्या दिशी त्यानं जोडलेली तार," ती म्हणाली, "ती नंतर कवा तुटली का रं?"

"न्हाई, आई. मी पोस्ट सोडली तवाबी चालू हुती."