ताईच्या पानावरची जाहिरात

माझी मोठी बहीण डोंबिवलीतल्या एका शाळेत गणित शिकवायची. बेचाळिसाव्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. शाळा सुटली. भाऊजी दिवसभर कामावर, मूलबाळ नाही. घरात नुसतं बसून डोकं फिरेल म्हणून तिने ब्लॉग लिहायला घेतला.

विषय एकच, डायलिसिसवर असलेल्या माणसाने रोज खायचं काय. डॉक्टर काय काय खायचं नाही ते सांगतात, आणि घरी येऊन बाई स्वयंपाकघरात रडत बसते. ताई त्या बाईसाठी लिहायची. बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं. आमटीत मीठ नावापुरतं, चव आणायची ती लसणाने आणि भाजलेल्या जिऱ्याने. दिवसभराचं पाणी सकाळीच बाटलीत मोजून ठेवायचं, म्हणजे संध्याकाळी स्वतःशी खोटं बोलता येत नाही. हे वाक्य तिचंच. ती गणितासारखंच लिहायची, एक पायरी न गाळता.

वाचणारे फार नव्हते, पण जे होते ते रोज यायचे. खाली प्रश्न विचारायचे आणि ताई प्रत्येकाला उत्तर द्यायची. डायलिसिस चालू असताना डावा हात मशीनला आणि उजव्या हाताने फोनवर उत्तरं लिहिणं, असं ते चालायचं. दर शनिवारी मी ठाण्यातल्या कोपरीहून जाऊन डायलिसिसचे चार तास तिच्या शेजारी बसायचो. लहानपणी तिने मला मांडीवर घेऊन पाढे शिकवलेले, आता मी तिच्या पायांवर शाल सारखी करायचो.

मी तेव्हा ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या जाहिरात नेटवर्कमध्ये कामाला होतो. ब्लॉगवर बाजूला, वर, मजकुराच्या मध्ये ज्या जाहिराती दिसतात, त्या लिहिणाऱ्याने स्वतः लावलेल्या नसतात. तो फक्त जागा देतो. त्या जागेत कोणाची जाहिरात झळकवायची ते नेटवर्क ठरवतं. अशी नेटवर्कं ढीगभर, आणि सगळ्यांची नजर त्याच त्या जागांवर. माझं काम ब्लॉगवाल्यांना फोन करून, दुसऱ्यांच्या जाहिराती काढा आणि आमच्या लावा, असं पटवायचं.

ताईचा ब्लॉग लहान होता, पण लोक तिथे थांबून वाचायचे. आमच्या धंद्यात थांबणारा माणूस सोन्याचा. बाकीच्या नेटवर्कांनाही ते कळलं आणि तिला मेल यायला लागले. एका शनिवारी तिने मला फोन दाखवला आणि हसत म्हणाली की, माझ्या उकडलेल्या बटाट्याला तीन-तीन स्थळं आलीत. मी म्हटलं की चौथं स्थळ घरातलंच आहे.

ती लगेच तयार झाली, ती माझ्यासाठी. एकच अट घातली.

"औषध, चूर्ण, काढा, यातलं काही माझ्या पानावर दिसता कामा नये. आमची माणसं घाबरलेली असतात रे. काहीही घेतात."

मी शब्द दिला आणि तिच्यासमोरच लॅपटॉप उघडला. आमच्याकडे प्रत्येक ब्लॉगसाठी एक यादी असायची. कपडे, भांडी, प्रवास, आरोग्य, अशी प्रत्येक प्रकारासमोर खूण. आरोग्यासमोरची खूण मी काढून टाकली. तिने मान पुढे करून ते पाहिलं.

सात-आठ महिने सगळं ठीक चाललं. मग एका मोठ्या नेटवर्कने आमचे खाण्यापिण्याचे ब्लॉग एकेक करून ओढायला सुरुवात केली. ते जास्त दर देत होते. आमच्या साहेबांनी मला बोलावलं. सगळ्यात चांगला भाव आरोग्याच्या जाहिरातींना आहे आणि आपण ती दारं लावून बसलोय, असं त्यांचं म्हणणं. महिनाअखेरपर्यंत सगळीकडे उघडा, मग बघू. मी एवढंच म्हणालो की काही जणांनी अट घातलेली आहे. ते म्हणाले, एका महिन्याने काय होतं?

माझ्याकडे चाळीसेक ब्लॉग होते. मी एकेकाची यादी उघडून खूण करत गेलो. ताईच्या नावापाशी थांबलो, हे मला नीट आठवतं. तिचा एक ब्लॉग वगळला असता तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण साहेबांनी सगळे म्हटलेलं, आणि इतरांची अट मोडून बहिणीचीच पाळली तर उद्या कोणी बोट दाखवेल, असं काहीतरी माझ्या मनात आलं. मी खूण केली. तिला सांगितलं नाही.

त्या आठवड्यात माझ्या फोनवर तिचं पान दोन-तीनदा उघडून पाहिलं. साड्या दिसल्या, कुकर दिसला. मला बरं वाटलं. खरं तर मला कळायला हवं होतं, कारण ते माझंच काम होतं. या जाहिराती सगळ्यांना सारख्या दिसत नाहीत. जो जे शोधत असतो, त्याला ते दाखवलं जातं. मी धडधाकट, मला कुकर दिसणार. आणि ताई तिचं पान वाचणाऱ्यासारखं कधी उघडायचीच नाही, ती ब्लॉगच्या आतल्या, लिहायच्या पानावरून लिहायची, तिथे जाहिराती नसतात.

महिना संपला. खूण तशीच राहिली. विसरलो असं म्हणता येईल, पण विसरलो नव्हतो. आकडे सुधारलेले, साहेब खूश होते, आणि मी ते काम उद्यावर टाकत गेलो.

एका रविवारी सकाळी मी डोंबिवलीला गेलेलो. भाऊजी बाजारात होते. अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात पन्नाशीच्या एक बाई, कल्याणहून आलेल्या. ताईने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण नाव सांगताच ओळखलं. त्यांचे मिस्टर डायलिसिसवर होते आणि दोघंही ब्लॉगचे जुने वाचक. मिस्टरांना मासे फार प्रिय, म्हणून किती तुकडे आणि कसे, हे ताईने त्यांना खास लिहून दिलेलं. ताईने हौसेने विचारलं, कसे आहेत?

बाई म्हणाल्या, गेले. महिना झाला.

मग त्यांनी पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. चूर्णाने अर्धा भरलेला, हिरव्या झाकणाचा. वर लिहिलेलं, डायलिसिसपासून कायमची सुटका. बाईंनी हळूहळू सगळं सांगितलं. मिस्टर सुयांना कंटाळले होते. या डब्याची जाहिरात त्यांनीच आधी पाहिली. डबा मागवला, फोनवरच्या माणसाने डायलिसिस बंद केल्याशिवाय गुण येणार नाही असं सांगितलं, आणि त्यांनी बंद केलं. पहिले चार दिवस म्हणे खूप आनंदात होते. बाराव्या दिवशी श्वास लागला.

"तुमच्या पानावर होतं म्हणून घेतलं, ताई," त्या म्हणाल्या. "एरवी असल्या गोष्टींच्या वाटेला आम्ही जात नाही."

त्या भांडायला आल्या नव्हत्या. त्यांना विचारायचं होतं की हे औषध ताई स्वतः घेते का, आणि तिला गुण आला असेल तर ह्यांना का नाही आला.

ताईने डबा हातात घेऊन वरचं सगळं वाचलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती बाईंना म्हणाली की मी हे कधी घेतलं नाही, कोणी घेऊ नये, पण माझ्या पानावर होतं म्हणजे चूक माझीच. मग दोघी हातात हात घेऊन बसल्या. मी आत जाऊन पाणी आणलं. कोणी प्यायलं नाही.

बाई गेल्यावर ताई म्हणाली, "तू उघडलंस?"

"हो."

"मला विचारायचंस."

एवढंच. मी साहेबांचं, त्या दुसऱ्या नेटवर्कचं, महिनाअखेरीचं सांगायला लागलो. तिने हाताने थांबवलं आणि लॅपटॉप आणायला सांगितला. मी तिच्यासमोर सगळ्या जाहिराती काढल्या. जिथे त्या होत्या, तिथे पानावर पांढऱ्या चौकोनी जागा उरल्या. मी त्याही मिटवतो म्हणालो. ती म्हणाली, राहू दे.

दुसऱ्या दिवशी तिने घडलेलं सगळं ब्लॉगवर लिहिलं. "जाहिरात माझ्या पानावर होती, मी लक्ष दिलं नाही, एक माणूस गेला." त्यात माझा, भावाचा, उल्लेख नव्हता. खाली लोकांनी तिला नाही नाही ते लिहिलं. वाचवेना, म्हणून मी तिला म्हटलं की माझं नाव टाक. ती म्हणाली, "लोक माझ्यावर विश्वास ठेवून आले होते. तुला ते ओळखतही नाहीत."

त्या शनिवारी मी नेहमीसारखा निघालो, तर तिचा फोन आला. तू नको येऊस, शेजारच्या वहिनी येतायत, आता जमतं मला. पुढच्या शनिवारीही तेच. मी घरी गेलो की चहा करायची, कामाचं विचारायची. रागावली असती तर पाय धरले असते. तिने मला ती जागाच ठेवली नाही. ज्या हातावर सुया टोचायच्या तो हात माझ्यासमोर पदराखाली झाकून घ्यायला लागली.

आणि मी नोकरीत तसाच राहिलो, हेही सांगायला हवं. ताईच्या जाहिराती काढल्या, बाकीच्यांच्या आरोग्यासमोरच्या खुणा तशाच राहिल्या.

वर्षभराने तिला जंतुसंसर्ग झाला. हॉस्पिटलमध्ये चार दिवस होती. तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं. मी म्हटलं, ताई, त्या बाईंचं ते. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, आत्ता नको. पुढे वेळ आलीच नाही.

तेराव्यानंतर मी राजीनामा दिला. आता एका कुरियर ऑफिसात हिशेब-चलनांचं बघतो.

तीन महिन्यांनी ठाण्याच्या खोपट डेपोतून बस धरून कल्याणला गेलो. पारनाक्याजवळ त्या बाईंचं घर शोधलं. ताई गेल्याचं सांगितलं तेव्हा त्या रडल्या. मग मी सांगितलं की ती जाहिरात ताईने नाही, मी लावली होती, आणि तिला न विचारता.

बाई उठल्या. गॅसवर दूध होतं, ते बंद करून आल्या.

"हे सांगून तुम्हाला हलकं वाटलं असेल," त्या म्हणाल्या. "मी आता याचं काय करू?"

मी उठलो. चपला घालताना त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या की ताईंचा ब्लॉग बंद होऊ देऊ नका. खाली ह्यांनी विचारलेले प्रश्न आहेत. पापलेट चालेल का, बांगडा चालेल का. ह्यांच्या हातचं दुसरं काही लिहिलेलं माझ्याकडे नाही.

मी हो म्हटलं. जिना उतरलो आणि रस्त्यावर आल्यावर बसस्टॉप कुठल्या बाजूला तेच आठवेना. एका दुकानदाराला विचारलं. त्याने दाखवलं, तिकडे चालत गेलो.