आप्पांच्या कानातला फाया

माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, कानात फाया नसताना मी कधी पाहिलेलं नाही. ते एसटीचे ड्रायव्हर होते, शिरूर डेपोला. सकाळी खाकी चढवली की कपाटातून बोटाएवढी कुपी काढायची, कापसाच्या बोळ्यावर अत्तराचा थेंब टाकायचा आणि तो बोळा उजव्या कानाच्या वरच्या घडीत दाबून बसवायचा. उन्हाळ्यात खस, कारण तो थंड. हिवाळ्यात हिना, कारण ते उष्ण. आमच्या घरात उपासतापास चुकले तरी चालायचे, हा नियम चुकत नसे. डिझेल आणि खस असा एकत्र वास कुठे आला, की मला अजूनही वाटतं, आपल्याला कुणीतरी घ्यायला आलंय.

मी केमिस्ट्री शिकले, सणसवाडीच्या एका रंगाच्या कारखान्यात काही वर्षं क्वालिटीला काढली आणि एक दिवस ती नोकरी सोडून घराच्या मागच्या खोलीत पुरुषांची अत्तरं करायला बसले. नवी नाहीत, जुनीच. पण आजच्या पोरांना लावावीशी वाटतील अशी. आजच्या पोरांना आजोबांचा रुबाब हवा असतो, आजोबांच्या शर्टावरचा डाग नको असतो. शिवाय हिना लावून कुणी जिमला गेला, तर शेजारच्या मशीनवरचा माणूस उठून घरी जाईल. म्हणून मी खसाला मोसंबीच्या सालीची आणि किंचित काळ्या मिरीची जोड देते, स्पिरिटात पातळ करते आणि स्प्रेच्या बाटलीत भरते. खसाचा मूळचा ओल्या मुळांचा वास तसाच ठेवायचा आणि त्याच्या खोलीची एक खिडकी उघडून द्यायची, एवढंच माझं काम. ते दिसतं तेवढं सोपं नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

"पगाराची नोकरी सोडून आता वास इकनार व्हय?" आई म्हणाली आणि पुन्हा गवार मोडायला लागली. तिचा विरोध तेवढाच.

मी मात्र स्वतःला एक अट घालून घेतली होती. आप्पांनी पास केल्याशिवाय एकही बाटली विकायची नाही. खस कसा असावा हे कळणारं नाक माझ्या ओळखीत एकच होतं. त्यात आप्पा ज्यांच्याकडून कुपी घ्यायचे त्या अत्तरवाल्या चाचांनी वय झालं म्हणून दुकान बंद केलं होतं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. आप्पांच्या कुपीत तळाशी जेमतेम काही थेंब उरले होते आणि ते आप्पा काडीच्या टोकाने पुरवून पुरवून वापरत होते. म्हणजे मला जमलं नाही, तर आप्पांचा कान रिकामा राहणार. खरं सांगायचं तर मला धंद्यापेक्षा त्या कानाची धास्ती जास्त होती.

पहिली बाटली दिली तेव्हा मी त्यांना नीट समजावलं, की हे मनगटावर मारायचं, मानेवर मारायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आईकडून कापूस मागून घेतला, तो स्प्रेखाली धरून चिंब भिजवला आणि नेहमीसारखा कानात बसवला. स्पिरिटच ते. आप्पा डोळे मिटून जागच्या जागी ताठ झाले.

"आप्पा, काय झालं?"

"गार हाय," ते म्हणाले.

तसेच ते दौंडला, आत्याकडे गेले. निवृत्त झाल्यापासून त्यांची ही फेरी ठरलेली. आता दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसून त्याच्या चुका काढायला मिळतात म्हणून. संध्याकाळी आले ते दारातूनच म्हणाले, "तायडे, तुझा खस न्हावऱ्यालाच उतरला. दौंडचं तिकीट काढाया पायजे हुतं त्यानं."

मी चिडले. मनगटावर मारला असता तर टिकला असता, हे मी तीनतीनदा सांगितलं. पण चिडून काय उपयोग, माझं गिऱ्हाईकही उद्या काय करेल सांगता येत नाही. मी पुन्हा खोलीत गेले. पुढची बाटली चौफुल्यापर्यंत पोहोचली. त्याच्या पुढची दौंडला जाऊन परत शिरूरला आली, तरी आप्पांनी मान हलवली. "ह्यो टिकतोय, पण तुझंच मन न्हाई ह्यात." खरं होतं. त्या खेपेला मी मोसंबीचं तेल हलकं वापरलं होतं आणि ते मला पहिल्यापासून खटकत होतं. मी मनात म्हटलं, काय नाक आहे या माणसाचं! तेलाचा दर्जा सोडा, करणाऱ्याचं मनसुद्धा हुंगून काढतं.

त्याच दिवसांत एकदा गॅसवरचं दूध उतू गेलं आणि पातेल्यासकट करपलं. मी मागच्या खोलीतून धावत आले, आई अंगणातून धावत आली, आणि आप्पा ओट्याशेजारच्या खुर्चीत निवांत पेपर वाचत बसलेले. आईने त्यांना असं झापलं, की शेजारणीने खिडकी लावून घेतली. "आगं, साखर कारखान्याच्या इलेक्शनची बातमी हुती," आप्पा म्हणाले. आमच्या भागात ही सबब कुणालाही पटते, त्यामुळे विषय तिथेच संपला.

मग दौंडला आत्याच्या नातवाचं लग्न आलं. त्या दिवसासाठी मी जीव ओतून एक बाटली केली होती. चांगली मुरू दिलेली, मोसंबी ताज्या सालीची, मिरी अगदी नावाला. निघायच्या घाईत मी फडताळातली बाटली उचलून आप्पांच्या हातात दिली. त्यांनी कापूस भिजवला, कानात घातला, टोपी नीट केली आणि आईला घेऊन जीपने गेले. मी रिकाम्या बाटल्या धुवायच्या राहिल्या म्हणून मागे थांबले होते. खोलीत आले, तर लग्नासाठी केलेली बाटली जागच्या जागी उभी. गेली होती ती शेजारची, स्प्रे धुवायला ठेवलेली. तिच्यात नुसतं कोरं स्पिरिट होतं.

मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. सगळ्या भावकीसमोर आप्पा कानात कोरा कापूस घालून मिरवणार! फोन करावा म्हटलं, पण जीपमध्ये स्पीकरवरच बोलतात ते. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या टोमण्यांची वाट पाहत बसले.

आप्पा आले. चप्पल काढली, खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "तायडे, ह्यो पास. हाच इकायचा."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. मग मला ते करपलेलं दूध आठवलं.

"आप्पा, त्या बाटलीत काहीच नव्हतं. नुसतं स्पिरिट होतं."

कानातला कापूस काढून त्यांनी तळहातावर ठेवला. "तरीच लई गार लागलं," म्हणाले.

"कधीपासून वास येत नाही तुम्हाला?"

"करोनात गेला, तवापास्नं. मला वाटलं यील माघारी. न्हाई आला."

"मग इतक्या बाटल्या नापास कशा केल्या तुम्ही?"

"त्यात काय अवघाड हाय? गाडीत शेजारच्यानं मान वळवून बघितलं तर खस हाय, न्हाई बघितलं तर उतारला. आज लग्नात दारातच समद्यांच्या हाताला गुलाबाचं अत्तर लावत हुते, तवा तसं काय कळंना. मग तुझ्यावर सोडलं."

"माझ्यावर म्हणजे?"

"बाटली देताना तुझ्या तोंडाकडं बघतो मी. मागल्या येळंला तोंडावर शंका हुती, आज न्हवती."

मला इतका राग आला आणि त्याच वेळी इतकं भरून आलं, की आधी काय करावं ते कळेना. "सांगायचं ना आप्पा! मी दवाखान्यात नेलं असतं. दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतलं असतं."

"म्हनूनच न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "हातातली गाडी सुटल्यापास्नं मला कोन काय इचारतंय? भाजी कंची आणू, एवढंच. तू मातूर रोज इचारायचीस, आप्पा, कसा झालाय. नाक गेलं म्हनून सांगितलं असतं तर तेबी बंद झालं असतं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दुधावरून काही बोलेल असं वाटलं, पण ती आत जाऊन कापूस घेऊन आली.

मी लग्नासाठी केलेली बाटली आणली. बोळा भिजवला, वाऱ्यावर धरून स्पिरिट उडू दिलं आणि आप्पांच्या कानाच्या घडीत माझ्या हाताने बसवला. पहिल्यांदाच. ओल्या मुळांचा वास आधी आला, मग मोसंबी, आणि त्या मागोमाग माझं अख्खं लहानपण. मी त्यांच्या खांद्याला नाक लावून उभी राहिले.

"आता तू सांग," आप्पा म्हणाले. "कसा झालाय?"

"छान झालाय, आप्पा. अगदी तुमच्यासारखा."

त्यांनी मान वळवली आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले. "आजून जरा ऱ्हायलंय."

मिरी किंचित जास्त झाली होती. मी बाटली उचलली आणि पुन्हा मागच्या खोलीत गेले.