देसचं दुसरं लग्न

कनामला गावापासून तासाभराच्या वाटेवर बेरिल टकेट आणि तिचा नवरा कीथ यांचं मेंढ्यांचं रान होतं. कीथ मुलखाचा अबोल. घरात बोलणारा पुरुष एकच, रेडिओवरचा देस हॅलम. सकाळी त्यानं "उठलात का मंडळी?" म्हटलं, की बेरिल शेगडीपाशी म्हणायची, "केव्हाच!"

देसची बायको पॉलीन वारली, ते त्यानं रेडिओवरच सांगितलं. बेरिल दिवसभर रडली.

"माझा भाऊ गेला तेव्हा टिपूस काढलं नव्हतंस," कीथ म्हणाला आणि मेंढ्यांकडे निघून गेला.

पुढे एका वर्षी देस गावच्या जत्रेत कार्यक्रम करायला आला. त्याला आईच्या हातचा क्वाँडाँगचा मुरंबा आवडायचा, हे बेरिलला ठाऊक होतं. रानात हिंडून तिनं ती लाल फळं वेचली, मुरंबा केला आणि बरणी घेऊन त्याला भेटायच्या रांगेत उभी राहिली.

"वा, बाई! नाव काय तुमचं?" देसनं विचारलं.

"बेरिल. पॉलीन गेल्यापासून नीट जेवता ना हो?"

देसचा चेहरा उतरला. शेजारची निळ्या टोपीतली बाई चटकन पुढे झाली. "जेवतात की! मी बघते ना. मी यांची बायको." आणि बरणी तिनंच घेतली.

 परतीच्या वाटेवर बेरिल कीथला म्हणाली, "लग्न केलं आणि मला सांगितलं नाही."

"तुला कशाला सांगेल? तू त्याची कोण?"

"तू गाडी चालव."

त्या दिवसापासून रेडिओ बंद. स्वयंपाकघरात नुसती घड्याळाची टिकटिक. कीथलाच ते सोसेना. एकदोनदा तो आपणहून हवापाण्याचं काही बोलला, पण ते पुढं सरकलं नाही.

लोकर कातरायचे दिवस आले. पावसाचा अंदाज हवा म्हणून कीथनं रेडिओ लावला, तर देसच्या जागी कुणी तरणी पोरगी बोलत होती. बेरिलनं वाण्याच्या दुकानात चौकशी केली.

"देस? निवृत्त झाला की!" दुकानदारीण मार्ज म्हणाली. "शेवटच्या दिवशी रडत रडत सगळ्यांचा निरोप घेतला त्यानं. अख्खं गाव ऐकत होतं. तू नाही ऐकलंस?"



"नाही," बेरिल म्हणाली. "त्यानं लग्नाचं कळवलं नाही, मी निरोपाला गेले नाही. फिट्टंफाट."

मार्जला काही उमगलं नाही. बेरिलनं पिठाची पिशवी उचलली. बाहेर कीथ गाडी सुरू करून बसला होता.